कीटो आहारातले रोजचे ताट छापावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पाककृतींच्या आणि आरोग्याच्या पानांवर अलीकडे कीटोजेनिक, म्हणजे कर्बोदके फार थोडी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असलेल्या, आहाराला बरीच जागा मिळू लागली आहे. ज्या घरात हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे अशा घरातली एक गृहिणी या नात्याने मी ती पाने बारकाईने वाचत असते. बदामाच्या पिठाचा केक, भरपूर चीजचा पिझ्झा, साखरेऐवजी एरिथ्रिटॉल घातलेले गुलाबजाम, नारळाच्या पिठाची बिस्किटे असे पदार्थ त्यांत वारंवार येतात. ते वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. वाढदिवसाला त्यांचा उपयोग होतो. परंतु वाढदिवस वर्षातून एकदा येतो आणि स्वयंपाक रोज दोन वेळा करावा लागतो. बुधवारी संध्याकाळी घरात वांगी आणि मेथी एवढेच आहे, मुलांना पोळी-भाजी आणि वरण-भात हवा आहे, एका माणसाला मात्र धान्य वर्ज्य आहे, तर त्या रात्री सर्वांनी मिळून काय जेवावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पानांवर मला अद्याप सापडलेले नाही. ते उत्तर ज्यांच्याकडे आहे ती माणसे बहुधा लेखक नसतात. ती आपापल्या घरी रोज रांधत असतात आणि आपण काही विशेष करीत आहोत असे त्यांना वाटतही नाही. अशा घरांतली साधी ताटे वजनमापांसह आपण नियमितपणे छापावीत, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. घरात तीन पिढ्या आणि एकच स्वयंपाकघर. यजमानांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या डॉक्टरांनी रक्ताच्या सर्व तपासण्या करून, औषधांचे प्रमाण आधी बदलून, मगच दिवसाला सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा घालून दिली. ही मर्यादा किती तोकडी आहे हे आकड्यांवाचून लक्षात येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या लोकांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाच्या पोटात या हिशेबाने ३०० ग्रॅमहून अधिक कर्बोदके जातात. म्हणजे आमच्या घरी एकाच पंगतीला बसणाऱ्या माणसांपैकी एकाने इतरांच्या दहाव्या हिश्शावर भागवायचे आणि तरीही उपाशी उठायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

हा आहार वजन उतरविण्यासाठी निघालेला नाही, ही गोष्ट आपल्या लेखांतून सहसा सुटते. अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) रोग्याचे झटके उपवासाने कमी होतात, असे निरीक्षण पॅरिसच्या दोघा डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदविले होते. उपवास फार काळ चालू शकत नाही, म्हणून शरीराला उपवासाचाच भास होईल असे स्निग्धबहुल अन्न द्यावे, ही कल्पना अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये मांडली आणि कीटोजेनिक हे नावही त्यांनीच दिले. यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत आला की शरीर चरबीपासून कीटोन हे पर्यायी इंधन तयार करू लागते आणि एरवी ग्लुकोजवर चालणारा मेंदू त्यांच्यावर बराचसा चालू शकतो, एवढे त्यामागचे मुख्य सूत्र. १९३८ च्या सुमारास फेनिटॉइन हे अपस्मारावरचे औषध आल्यावर हा आहार मागे पडला आणि १९९० नंतर पुन्हा पुढे आला. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराच्या १०२ मुलांवर सुधारित ॲटकिन्स आहाराचा, म्हणजे कीटोजेनिक आहाराच्याच थोड्या सैल प्रकाराचा, प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आहार घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे झटके अर्ध्याहून अधिक कमी झाले. नेहमीचे अन्न घेणाऱ्या गटात असा फरक दर नऊ मुलांमागे जेमतेम एकाला पडला. त्या मुलांना दिवसाला केवळ १० ग्रॅम कर्बोदके दिली जात होती. आपल्याकडच्या पोळी-भात खाणाऱ्या घरांतल्या आयांनी हे करून दाखविले, याचे मला त्या निष्कर्षाहूनही अधिक अप्रूप वाटते. त्यांनी त्या काळात रोज काय रांधले, याची वही कोणी छापली असती तर तिचा किती घरांना आधार झाला असता!

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४, तांदळात ७८, पोह्यांत ७७, ज्वारीत ६८, बाजरीत ६२ आणि तुरीच्या डाळीत ५५ ग्रॅम कर्बोदके दिली आहेत. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे १९ ग्रॅम झाले. ‘पोळी बंद केली, आता भाकरी खातो’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅम कर्बोदके असतात हे त्यांना सांगितले की ते आपल्यावरच रागावतात. भाकरी उत्तम अन्न आहे, पण ती या आहारात बसत नाही.

ही कोष्टके वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते आणि ती छापील पाककृतींत क्वचितच सांगितलेली असते. अमेरिकी तक्त्यांत कर्बोदकांच्या आकड्यात तंतू (फायबर) धरलेले असतात, म्हणून तिकडचे लोक तंतू वजा करून उरलेला आकडा मोजतात. आपल्या २०१७ च्या कोष्टकांत तंतू वेगळ्या रकान्यात आहेत आणि कर्बोदकांचा आकडा ते वगळूनच दिलेला आहे. तिकडची रीत इथल्या आकड्यांना लावली की तंतू दोनदा वजा होतात आणि कागदावरचे ताट प्रत्यक्षापेक्षा बरेच हलके दिसू लागते. पाककृतीखाली ‘कर्बोदके ४ ग्रॅम’ असे छापताना तो आकडा कोणत्या तक्त्यावरून काढला, हे सांगण्याची प्रथा आपण पाडलीत तर मोठे काम होईल.

बुधवारचेच उदाहरण घेते. यजमानांच्या वाटणीची भरली वांगी दीडशे ग्रॅम, त्यांत दाण्याचे कूट वीस ग्रॅम, सुके खोबरे दहा ग्रॅम, कांदा थोडासा, गोडा मसाला, तेल सढळ हाताने आणि गूळ अजिबात नाही. तंतू वगळून अदमासे आठ ग्रॅम कर्बोदके होतात. शंभर ग्रॅम काकडीची कोशिंबीर, तीत पन्नास ग्रॅम दही आणि चमचाभर कूट, साखर नाही. सहा ग्रॅम धरू. वर तुपात परतलेले पनीर. सगळे ताट मिळून १५ ग्रॅमच्या आत राहते आणि ते एका पोळीपेक्षाही कमी आहे. भरल्या वांग्यांत सुपारीएवढा गुळाचा खडा पडला असता तर त्यानेच चार-पाच ग्रॅमची भर घातली असती. हे ताट दिसायला अगदी आमचेच आहे. मुलांनी तीच वांगी पोळीशी खाल्ली, तीच कोशिंबीर खाल्ली, शिवाय वरण-भात घेतला. स्वयंपाक एकच झाला आणि त्या रात्री घरात कोणी पथ्यावर आहे असे पाहुण्याला कळलेही नसते.

हे साधण्याची युक्ती पदार्थांत कमी आणि क्रमात अधिक आहे, असे माझे मत झाले आहे. आपल्या बहुतेक भाज्या, रस्से आणि आमट्या सुरुवातीला निरुपद्रवी असतात. कर्बोदके त्यांत शेवटी येऊन पडतात. फोडणी, भाजी, कूट, खोबरे, मसाला इथवर सर्व ठीक असते. नंतर आपण गूळ घालतो, पीठ लावतो, बटाट्याच्या फोडी वाढवितो किंवा डाळ घोटून मिसळतो. तेव्हा गूळ आणि पीठ पडण्याआधी एक वाटी बाजूला काढून ठेवावी, एवढाच नियम पाळला तरी निम्मे काम होते. अळूच्या पातळ भाजीत बेसन आणि गूळ लावण्याआधी शिजलेला अळू, दाणे आणि खोबऱ्याचे काप एका लहान पातेल्यात काढून घ्यावेत; हरभऱ्याची डाळ त्यांत येणार नाही एवढे पाहावे. पीठ पेरून करायच्या ढोबळी मिरचीचे दोन भाग करावेत, एकावर बेसन आणि दुसऱ्यावर भाजलेल्या तिळाचे किंवा दाण्याचे कूट पेरावे. खरे सांगायचे तर कूट पेरलेली मिरची आता मुलेही मागू लागली आहेत आणि बेसनाचा डबा पूर्वीपेक्षा उशिरा रिकामा होतो.

कढीला मात्र ही युक्ती चालत नाही. बेसन न लावता ताक उकळले तर ते फाटते. पीठ तिथे चवीसाठी नसून ताक धरून ठेवण्यासाठी असते. म्हणून यजमानांच्या वाट्याचे ताक मी न उकळता जेमतेम कोमट करते आणि वरून तुपाची जिरे, हिंग, कढीलिंब आणि आल्याची फोडणी देते. पिठल्याला तर पर्यायच नाही. पिठले म्हणजेच बेसन. ज्या दिवशी बाकीचे पिठले-भात खातात त्या दिवशी यजमानांना अंड्याची भुर्जी मिळते आणि ते पिठल्याकडे पाहून उसासा टाकतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

शाकाहारी घरांत प्रथिनांचा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण आपली प्रथिने मुख्यत्वे डाळींतून येतात आणि डाळींबरोबर कर्बोदकेही येतात. आमच्याकडे अंडी चालतात, म्हणून थोडे सोपे जाते; ज्यांच्याकडे चालत नाहीत त्यांचा भार पनीर, चक्का आणि दाण्यांवर पडतो. पनीर मी घरीच करते. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे पाच ग्रॅम दुग्धशर्करा असते, पण दूध फाडल्यावर तिचा मोठा भाग पाण्यात उतरतो आणि पनिरात फार थोडी उरते. ते हिरवट पाणी मी फेकत नाही. मुलांच्या पोळ्यांची कणीक त्यात भिजविते, पोळ्या मऊ होतात. एकाच्या पथ्यातून उरलेले दुसऱ्याच्या ताटात असे उपयोगी पडते. अशा शेकडो गोष्टी घरोघरी ठाऊक असणार. त्या एकमेकांना कळण्याची सोय नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे.

दुग्धशर्करेच्या याच हिशेबाने चहाकडेही पाहावे. अर्धा कप दुधाचा चहा दिवसातून दोनदा घेतला तर साखरेशिवायही आठ-दहा ग्रॅम कर्बोदके होतात, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा चहातच संपतो. लोक पोळी सोडायला तयार होतात, चहातले दूध कमी करायला होत नाहीत.

इंदुरात राहून हे सारे पाळणे म्हणजे थोडी परीक्षाच आहे. आमच्या शहराची सकाळ पोह्यांनी उजाडते. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांची एक बशी ४६ ग्रॅम कर्बोदकांची होते. त्यावर शेव, शेजारी जिलबी, आणि उसळ-पोहे असतील तर उसळ वेगळी. त्या सर्वांत निर्धोक वस्तू एकच, वरून भुरभुरलेला जिरावन मसाला. सराफ्यात, म्हणजे रात्री खाण्याची दुकाने लागणाऱ्या सराफा बाजारात, भुट्ट्याचा कीस घ्यावा तर तो मक्याचा, हिवाळ्यात तळलेले गराडू घ्यावे तर ते कंदमूळ, छप्पन दुकानांवरच्या खोपरा पॅटिसमध्ये आत खोबरे असले तरी बाहेर बटाटा, दाल-बाफल्याविषयी, म्हणजे वरणाबरोबरच्या कणकेच्या गोळ्यांविषयी, तर बोलायलाच नको आणि शेव पडली नाही असा पदार्थ या शहरात शोधावा लागतो. यजमान मित्रांबरोबर सराफ्यात जातात, कारण तिथल्या गप्पा सोडणे त्यांना मान्य नाही. जाण्याआधी घरी पोटभर जेवून जातात आणि तिथे उभ्याने साधा सोडा पितात. बाहेर काय खावे याच्या याद्या पुष्कळ छापून येतात. बाहेर जाण्याआधी घरी काय खाऊन निघावे, हे कोणी लिहीत नाही आणि आमच्या अनुभवात उपयोगी पडते ते तेच.

उपवासांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण धान्य सोडले म्हणजे कर्बोदके सुटली असा समज आपल्या घरांत फार पक्का आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणजे तांदळापेक्षाही अधिक. वरीचे तांदूळ, बटाटा, रताळे, राजगिऱ्याचे लाडू यांची स्थिती थोडीफार अशीच. एकादशीला आमच्याकडे बाकीच्यांसाठी खिचडी होते. यजमानांसाठी दाण्याची आमटी गुळाशिवाय आणि घट्ट, काकडीची खमंग कोशिंबीर, दही आणि खोबऱ्याची चटणी असा फराळ होतो. तो उपवासाच्या नियमातही बसतो आणि डॉक्टरांच्याही. नैवेद्याला मात्र आम्ही हात लावलेला नाही. गणपतीला मोदक तांदळाच्या पिठीचे आणि गुळाच्या सारणाचेच होतात. प्रसाद म्हणून कडेचा एक तुकडा यजमान तोंडात टाकतात आणि त्या दिवशीच्या हिशेबात तो धरतात. यावरून आमच्या नात्यात दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, सणाच्या दिवशी कसले आले पथ्य. दुसरा म्हणतो, एवढाही तुकडा कशाला. दोन्ही पक्षांनी आपापल्या घरी आपापले मत चालवावे.

आग्रह ही आपल्याकडची खरी अडचण आहे. ‘वहिनी, भाऊजींना एवढासा भात वाढा हो, एवढ्याने काय होते’ असे म्हणणारी व्यक्ती प्रेमानेच म्हणत असते. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा, आपण जाणार असू तिथे आधी कळवून एक भाजी बटाटा व साखर न घालता करायला सांगणे, किंवा आपण स्वतः एक पदार्थ सर्वांपुरता घेऊन जाणे, हे अधिक सोयीचे असते. सर्वांपुरता, हे महत्त्वाचे. एकट्यापुरता डबा नेला की यजमानीण दुखावते आणि ताटावर सहानुभूतीच्या नजरा लागतात. पातेलेभर पालक-पनीर किंवा तिळाच्या वाटणातले फ्लॉवर नेले तर ते सगळ्यांच्या पानात पडते. इथल्या मराठी मंडळांच्या सहभोजनांत आणि खाद्यजत्रांतही एखादी भाजी बटाटा, पीठ आणि साखर यांवाचून ठेवता येईल. त्यासाठी वेगळा फलक लावण्याचीही गरज नाही.

आमच्या परिचयातल्या एका घरी अपस्मार असलेल्या लहान मुलासाठी काटेकोर कीटोजेनिक आहार चालू आहे. तिथे चार भाग स्निग्ध पदार्थांना प्रथिने व कर्बोदके मिळून एक भाग असे वजनी प्रमाण असते आणि एकूण ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के ऊर्जा स्निग्धांतून येते. प्रत्येक घास वजनकाट्यावरून जातो. औषधाच्या गोड सिरपमधली साखरसुद्धा मोजावी लागते. अशा मुलाच्या बाबतीत एका पातेल्यातून सर्वांनी खाणे शक्य नसते. तिथली आई एवढेच करते की त्याच्या ताटातला पदार्थ भावंडांच्या ताटातल्यासारखा दिसावा आणि जेवायची वेळ सर्वांची एकच असावी. फ्लॉवर किसून केलेला त्याचा ‘भात’ आणि इतरांचा भात एकाच आकाराच्या मुदीने वाढला जातो. ही माहिती प्रसिद्ध झाली तर तिचा उपयोग होणारी घरे संख्येने थोडी असतील, पण त्यांची गरज आमच्यासारख्यांहून कितीतरी मोठी आहे.

हे सर्व लिहिल्यावर धोक्याविषयी न लिहिणे अयोग्य ठरेल आणि आपल्या पानांवर याबाबतीत ढिलाई दिसते, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने औषध तेच ठेवून एकाएकी पोळी-भात सोडला तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ज्यांची नावे ‘फ्लोझिन’ने संपतात ती औषधे घेणाऱ्यांना याहून वेगळा धोका असतो. त्यांच्या रक्तात आम्लता वाढविणारे कीटोन साचू शकतात आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्यामुळे ते घरात लक्षातही येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्येच या औषधांबाबत हा इशारा दिला होता. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास साखर ठीक आहे म्हणून वाट पाहत बसू नये. पहिल्या प्रकारचा मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज, गरोदरपण, स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाचे जन्मजात दोष, यांपैकी काहीही असेल तर कोणाची पाककृती वाचून हा आहार सुरू करण्याचा प्रश्नच येत नाही. काहींच्या रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल यामुळे वाढते, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. पहिल्या आठवड्यात जे वजन झपाट्याने उतरते त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, कारण ग्लायकोजेनबरोबर साठलेले पाणी बाहेर पडते. पाण्याबरोबर मीठही जाते, त्यामुळे डोके दुखते, गळून गेल्यासारखे वाटते. मीठ-जिरे घातलेल्या ताकाने बरे वाटते, मात्र रक्तदाबाच्या रोग्याने तेही विचारूनच घ्यावे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१९ च्या अहवालात कर्बोदके कमी केल्याने रक्तशर्करा सुधारते याला सर्वाधिक पुरावा असल्याचे म्हटले आहे, हे खरे आहे. वर्षभरानंतर इतर आहारांच्या तुलनेतला फरक बराच कमी होतो, हेही अनेक चाचण्यांत दिसले आहे. आपल्या पानांवर यातले पहिले वाक्य ठळक टाइपात येते आणि दुसरे येतच नाही.

बाजारात मिळणाऱ्या कीटो पिठांच्या पाकिटांविषयी विस्ताराने लिहीत नाही. पुढच्या बाजूला काय लिहिले आहे ते सोडून मागचा तक्ता वाचावा. कूट, तीळ, जवस, सुके खोबरे आणि तूप प्रत्येक मराठी घरात असतेच, आणि बदामाच्या पिठापेक्षा दाण्याचे कूट पुष्कळ स्वस्त पडते.

माझी सूचना अशी आहे की आठवड्यातून एकदा आपण वाचकांचे एक ताट छापावे. पदार्थ सणाचा नसावा, त्या आठवड्यात खरोखर जेवलेला असावा. साहित्य वाटी-चमच्यात सांगून भागणार नाही, कारण वाट्या घरोघरी वेगळ्या असतात. ग्रॅममध्ये वजन असावे. घरातील इतरांनी त्याच वेळी काय खाल्ले आणि दोन्ही स्वयंपाकांत सामाईक काय होते, हे अवश्य लिहावे, कारण रांधणाऱ्या बाईला हवी असलेली माहिती तीच आहे. वजन किती किलो उतरले याच्या गोष्टी आणि आधीची-नंतरची छायाचित्रे घेऊ नयेत. त्यांनी ज्यांना हा आहार करायचा नाही तेही मोहात पडतात. छापण्यापूर्वी ताटाचे आकडे एखाद्या आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत आणि औषधांविषयीचा वरील इशारा दर वेळी, त्याच जागी, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावा. नागपूर-पुण्याइतकीच ताटे इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदऱ्याहूनही मागवावीत. आमच्या भाज्या आणि आमची सवय थोडी वेगळी आहे. इथे घोसाळ्याला गिलकी म्हणतात आणि ती आठवड्यातून दोनदा तरी होते.

वर वर्णन केलेले बुधवारचे ताट, प्रत्येक जिन्नसाच्या वजनासह, वेगळ्या कागदावर लिहून या पत्रासोबत जोडले आहे. गोडा मसाला घरचा असल्यामुळे त्याचे प्रमाणही दिले आहे. सदर सुरू करण्याचे ठरल्यास ते वापरावे. जागेअभावी संक्षेप करणे भाग पडल्यास माझे नाव-गाव काढावे, ग्रॅमचे आकडे मात्र तसेच ठेवावेत.

आपली नम्र,
एक वाचक गृहिणी
रामबाग, इंदूर